थंडीच्या दिवसांतील माळवे

माळवे करणारा माणूस रोजच्या पैशावर जगतो. ज्वारी वर्षातून एकदा घरात येते. ऊस वर्ष-दीड वर्षाने तुटतो. माळव्याचे तसे नाही. आज तोडले, उद्या बाजारात नेले, आणि येताना तेल-मीठ घेऊन आले. दहा गुंठ्यांवर चार-पाच माणसांचे पोट चालवणारी घरे आपल्या रेणापूर भागात पुष्कळ आहेत. अशा घरची वांगी आणि टमाटे थंडीने करपले, तर नुसते पीक गेले असे होत नाही. दोन-तीन महिन्यांचा बाजारच जातो. लागवडीला काढलेले पैसे मात्र अंगावर राहतात.

आता नीट लक्ष द्या. हे नुकसान महिनाभर हळूहळू होत नाही. बहुतेक वेळा ते एका रात्रीत किंवा लागोपाठ दोन-तीन रात्रींत होते. आणि अशी रात्र येणार, हे संध्याकाळीच ओळखता येते.

कोणी म्हणेल, "बर्फ पडतो तो काश्मिरात. आपल्या उन्हाच्या मुलखात कसली आली थंडीची भीती?" बर्फ आपल्याकडे पडत नाही, हे खरे. पण डिसेंबर-जानेवारीत हिमालयावर बर्फ पडून जातो, आभाळ मोकळे होते, आणि तिकडचा कोरडा गार वारा खाली आपल्यापर्यंत येतो. नाशिक जिल्ह्यात निफाड म्हणून द्राक्षांचा मुलूख आहे. तिथे डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. आपल्या मराठवाड्यात परभणीला कृषी विद्यापीठ आहे. तिथेही काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्या खाली गेला आहे. पाणी गोठते शून्य अंशाला. मग २ किंवा ४ अंशांना पीक का करपावे?

याचे उत्तर सोपे आहे, पण फार थोड्यांना ठाऊक असते. हवामान खात्याचा पारा जमिनीवर ठेवलेला नसतो. तो साधारण माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, लाकडी पेटीत, सावलीत टांगलेला असतो. आपली मेथी, आपले टमाट्याचे रोप असते जमिनीलगत, उघड्यावर. आभाळ स्वच्छ असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीलगतचे पान पेटीतल्या पाऱ्यापेक्षा तीन-चार अंशांनी अधिक गार होते. म्हणजे रेडिओवर ४ अंश सांगितले, तर पानावर शून्य झालेले असू शकते. तिथे दहिवर गोठते. पानाच्या आतले पाणीही गोठते. सकाळी पान उकडल्यासारखे मऊ दिसते. दुपारपर्यंत काळे पडते. बघणाऱ्याला वाटते, कुणी फुफाटा टाकला की काय.

जमीन रात्री गार का होते, हेही समजून घ्या. दिवसभर जमीन ऊन पिते. रात्री ती ऊब वर आभाळाकडे सोडते. आभाळात ढग असतील तर ते गोधडीसारखे काम करतात, ऊब फार वर जाऊ देत नाहीत. ढग नसले की जमीन उघडी पडते. वारा असला तर वरची जरा गरम हवा खाली मिसळत राहते. वारा पडला की तेही थांबते. म्हणून चांदण्या लखलखीत दिसताहेत, झाडाचे पान हलत नाही, आणि दिवस मावळताच अंगाला गारठा झोंबू लागला, अशी रात्र माळव्याला वाईट. ढगाळ रात्री किंवा वाऱ्याच्या रात्री आपल्याला हुडहुडी भरते, पण माळव्याला त्या मानाने धोका कमी असतो. माणसाची थंडी निराळी आणि पानाची निराळी.

साक्षरतेच्या वर्गात एका बाईंनी विचारले, "गुरुजी, आमची वांगी नदीकाठी. खत आम्ही जास्त टाकलं, पाणी आम्ही जास्त दिलं. तरी आमची काळी पडली, अन् वर माळावर माझ्या जावेची वांगी हिरवीगार. असं कसं झालं?"

मी म्हणालो, "ताई, पावसाचं पाणी कुठं साठतं?"

"खोलगटात."

"मग थंडीही तिथंच साठते."

वर्गात काही जण हसले. पण ही थट्टा नव्हे. गार हवा गरम हवेपेक्षा जड असते. रात्री ती उतारावरून पाण्यासारखी खाली सरकते आणि सखल जागी तुंबते. याचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. महाबळेश्वर हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. तिथे वेण्णा तलाव आहे. तलावाचा परिसर आणि लिंगमळा हा भाग गावठाणापेक्षा सखल. कडक थंडीच्या वर्षी तिथल्या गवतावर, वाहनांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पहाटे दहिवर गोठून पांढरे होते. वर बाजारपेठेत मात्र त्याच पहाटे तसे काही नसते. उंचावर थंडी जास्त असते हे आपण शाळेत शिकतो. पण एकाच डोंगरावर, एकाच रात्री, खालचा भाग वरच्यापेक्षा गार असू शकतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले, इतके ते पीक नावाजलेले. पण मानांकन आहे म्हणून थंडी त्याला सोडत नाही.

आपल्याकडे अडचण अशी की, माळव्याला चांगली जमीन म्हणजे रेणेच्या, मांजरेच्या काठची गाळाची जमीन. पाणी जवळ, माती मऊ. आणि तीच जमीन सखल. म्हणजे सगळ्यात कसदार तुकडा हाच हिवाळ्यात सगळ्यात गार तुकडा. म्हणून काय तो सोडून द्यायचा? मुळीच नाही. तिथे काय लावायचे ते बदलायचे.

सगळे माळवे थंडीला सारखे भीत नाही. कोबी, फुलकोबी, मुळा, गाजर, पालक, मेथी, कोथिंबीर, कांदा, लसूण ही मंडळी थंडीतच खुलतात. हलके दहिवर गोठले तरी ती बहुधा सावरतात. वाटाण्याचे झाड थंडी सोसते, पण फुलात आणि कोवळ्या शेंगेत असताना गारठला तर दाणा भरत नाही. टमाटे, वांगी, मिरची, भेंडी, गवार, काकडी, दोडका, घेवडा ही उन्हाची लेकरे. पान करपले नाही तरी रात्री फार गार गेल्या की टमाट्याचे फूल फळ न धरता गळते. बटाट्याचा पाला तर एका रात्रीत झोपतो.

तेव्हा नदीकाठच्या खोलगट वाफ्यात हिवाळ्यासाठी कोबी, मुळा, पालक, कांदा घ्यावा. टमाटे-वांगी वरच्या अंगाला, घराजवळच्या तुकड्यात लावावीत. तिथली माती जरा हलकी असली तरी चालेल, शेणखत घालून ती सुधारता येते. सखल जागेचा गारठा मात्र खत घालून जात नाही.

आपल्या रानातली गार जागा कोणती? ती शोधायला पैसा लागत नाही. जानेवारीतल्या एखाद्या शांत पहाटे वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत सावकाश चालत जा. पायाच्या घोट्यांना गारवा कुठे झोंबू लागतो ते पहा. तिथे काठी रोवा. दुसरे असे की, साधा पारा बाजारात मिळतो. तो रोपाच्या उंचीवर खुंटीला बांधा, आणि वर लहानसा पत्रा किंवा फळी लावा. मग एक वही करा. तुम्ही आता लिहायला शिकला आहात, ती विद्या इथे वापरा. वहीत इतकेच लिहावे: तारीख. आभाळ कसे होते. वारा होता की नव्हता. पहाटे पारा किती. पानावर काय दिसले. उदाहरणार्थ, "आभाळ साफ. वारा नाही. पारा ५. खालच्या वाफ्यात दहिवर पांढरे, वरच्या वाफ्यात ओले." असे दोन हिवाळे लिहिले, की तुमच्या दहा गुंठ्यांविषयी तुम्हाला जे कळेल ते रेडिओ सांगू शकणार नाही. रेडिओवरचा अंदाज साऱ्या जिल्ह्याचा असतो.

बांधाचीही एक गोष्ट आहे. उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या अंगाला शेवरी किंवा मका दाट लावला तर झोंबरा वारा अडतो. हे बहुतेकांना माहीत आहे. पण उताराच्या खालच्या बांधावर दाट कुंपण केले, तर वरून सरकत आलेली गार हवा तिथे अडते आणि वाफ्यातच तुंबते. धरणाच्या भिंतीमागे पाणी तुंबावे तशी. म्हणून खालच्या बांधावर हवेला वाट ठेवावी. एक-दोन ठिकाणी झाडोरा छाटून फट पाडली तरी पुरे. पाण्याला सांडवा ठेवतो, तसा थंडीलाही ठेवावा.

आता पाण्याविषयी. कोरडी, भेगाळलेली जमीन दिवसाचे ऊन साठवत नाही. ओलसर जमीन साठवते, आणि रात्रभर थोडी थोडी ऊब वर सोडते. म्हणून थंडीची लाट येणार असे कळले, की आदल्या दिवशी सकाळी किंवा दुपारपर्यंत हलके पाणी द्यावे. ठिबक असेल तर नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ चालवावे. वीज रात्रीच येत असेल तर रात्री दिले तरी उपयोग होतो. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट असते. पहाटे त्यातून वाफ निघताना तुम्ही पाहिलीच आहे. मात्र आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. तुंबवून पाणी दिले तर मुळ्या गुदमरतात आणि थंडीतून वाचलेले रोप पाण्याने मरते. हलके म्हणजे हलकेच. आणि रात्री दारं धरायला जाताना पायांत बूट आणि हातात बॅटरी हवी. वांग्यांपेक्षा माणूस महाग आहे.

इथे एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पाचट किंवा भुसकट वाफ्यात पसरणे एरवी फार चांगले. ओल टिकते, तण कमी होते. पण थंडीच्या रात्री हेच पाचट उलटे काम करते. जमिनीची ऊब ते खालीच दाबून ठेवते, वर पानापर्यंत येऊ देत नाही. म्हणून कडक थंडीच्या आठवड्यात टमाट्या-वांग्यांच्या ओळींतले आच्छादन बाजूला सारून जमीन उघडी, ओली आणि दबलेली ठेवावी. तण काढलेले असावे. पण लाट येण्याच्या तोंडावर कोळपणी करू नये. भुसभुशीत मातीत हवा भरते आणि ऊब खालून वर येत नाही. लाट ओसरली की पाचट पुन्हा पसरावे.

शेकोटीविषयी लोकांचा फार विश्वास आहे. "धूर केला की थंडी पळते," असे म्हणतात. माझे मत विचाराल तर नुसत्या धुराने फारसे काही होत नाही. ऊब पाहिजे, आणि ती सगळीकडे पसरली पाहिजे. एक मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते. त्याऐवजी तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या यांच्या लहान लहान शेकोट्या वाफ्यांच्या कडेने बऱ्याच ठिकाणी कराव्यात. सगळ्यात जास्त गारठा पहाटे, सूर्य उगवण्याच्या सुमारास असतो. संध्याकाळी सात वाजता जळण संपवून पहाटे झोपी जाणारा माणूस फुकट दमतो. नाशिककडचे द्राक्षबागाईतदार पहाटेच उठून बागेत शेकोट्या करतात, ते यासाठीच. जवळ कडब्याची गंज असेल तर जाळ करू नये. टायर, प्लास्टिक जाळू नये. तो धूर पोराबाळांच्या छातीत जातो. एवढे करूनही, शेकोटी हा शेवटचा उपाय समजावा. दहा गुंठ्यांत जमते, दोन एकरांत जळण पुरत नाही.

खताबद्दल थोडक्यात. डिसेंबरात हिरवेगार दिसावे म्हणून युरिया जास्त टाकू नये. युरियाने वाढलेले पान लुसलुशीत असते आणि तेच पहिल्यांदा करपते. शेणखत आणि पालाश योग्य प्रमाणात मिळालेले झाड चिवट राहते.

खरी काळजी घ्यावी ती रोपांची. उन्हाळी मिरची आणि टमाट्याचे बी आपण हिवाळ्यातच टाकतो. गार मातीत ते बी लवकर उगवत नाही, आणि उगवलेले रोप कोलमडते. रोपवाटिका नदीकाठी करू नये. घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून, गादीवाफ्यावर करावी. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत बांबूच्या कमट्या वाकवून त्यांवर गोणपाट किंवा प्लास्टिक टाकावे. ते पानाला टेकू देऊ नये. जिथे टेकेल तिथे पान गारठते. सकाळी ऊन आले की काढून घ्यावे. काढायचे विसरलात तर आत दुपारी भट्टी होते.

उकिरड्याची ऊबही कामाला येते. हिवाळ्यात पहाटे उकिरडा उकरला तर वाफ निघते, हे कोणाला माहीत नाही? दीड फूट खोल खड्ड्यात ताजे शेण आणि गोठ्यातला काडीकचरा दाबून भरावा. पाणी शिंपडावे. पहिला कडक दाह ओसरायला पाच-सात दिवस द्यावेत. मग वर अर्धा फूट चाळलेली माती टाकून बी पेरावे. खालून ऊब मिळते. ही युक्ती काही माझी नाही. फ्रान्स देशात पॅरिस शहराच्या भोवतीचे माळी दीड-दोनशे वर्षांपूर्वी घोड्याची लीद अशीच पुरत, वर काचेच्या घंटा झाकत, आणि कडाक्याच्या हिवाळ्यात कोवळी भाजी शहरात विकत. शहरात घोडे फार, म्हणून लीद मुबलक. आपल्याकडे शेण आहे.

आपल्याच देशात लडाखमध्ये लेह हे गाव सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो. बाहेर काहीच उगवत नाही. तरी तिथले लोक जमिनीत अडीच-तीन फूट खोल लांबट खड्डा खणतात, त्यात पालकासारखी भाजी पेरतात आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणतात. रात्री त्यावर आणखी पांघरूण घालतात. मातीच्या भिंती ऊब धरून ठेवतात. तिथल्या मानाने आपली थंडी म्हणजे लहान मूल. चार कमट्या आणि दोन गोणपाटे यांत आपले भागते.

इतके करूनही एखाद्या वर्षी पीक सापडतेच. सकाळी काळी पाने पाहून घाईने झाडे उपटू नका. लगेच छाटणीही करू नका. आठ-दहा दिवस थांबा, हलके पाणी द्या. खोड हिरवे असेल आणि नवा फुटवा दिसला, तर वरचा मेलेला भाग मग कापावा. वांगे पुष्कळदा पुन्हा फुटते. टमाट्याचा भरवसा कमी.

सरकारी मदतीचेही सांगून ठेवतो. गारपीट, पूर यांसारखीच कडाक्याची थंडी आणि दहिवर गोठणे ही सरकारी यादीतली नैसर्गिक आपत्ती आहे. तीत पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा जास्त झाले तर मदतीचा विचार होतो. पण त्यासाठी पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याला सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. इथेच माळवेवाला मागे राहतो. सोयाबीन, तूर, हरभरा यांची नोंद लोक करतात. "दहा गुंठे वांग्यांची काय नोंद करायची?" म्हणून ती राहून जाते. २०२१ पासून मोबाईलवरून ई-पीक पाहणी आली आहे. घरात कोणाला तो चालवता येत नसेल तर शेजारच्या पोराला बसवून हिवाळी हंगामात वेळेवर नोंद करून घ्यावी. मग सातबाऱ्याचा उतारा काढून स्वतः वाचून पहावा. आपले नाव, गट नंबर, पिकाचे नाव, क्षेत्र. "वांगी" असे छापलेले आहे की तिथे भलतेच पीक पडले आहे, हे आता तुम्हीच वाचू शकता. थंडीने पीक गेले तर त्याच दिवशी तलाठ्याकडे आणि शेतीखात्याच्या माणसाकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जात तारीख, गट नंबर, पीक आणि किती गुंठे गेले हे लिहावे. एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि तिच्यावर "पोहोचली" म्हणून सही घ्यावी. पाऱ्याची ती वहीही सोबत न्यावी. बघणाऱ्याला दाखवायला काहीतरी हातात असते.

आणि मदत येईपर्यंत वाफा रिकामा ठेवू नये. मेलेली ओळ मोकळी झाली की त्याच दिवशी तिथे मेथी किंवा मुळा टाकावा. मेथी महिनाभरात काढणीला येते, मुळा त्याच्यामागून दोन आठवड्यांनी.